सगळे एकदम मागणार नाहीत

‘सिस्टीम स्लो आहे’ याहून मोघम तक्रार नाही. फोन ठेवून सर्व्हरमध्ये लॉगिन करावं, टास्क मॅनेजर उघडावा, तर सीपीयू ३० टक्के, मेमरी ६० टक्के, डिस्क निवांत. सर्व्हर म्हणतो मी ठणठणीत आहे. काउंटरवरच्या मॅडम म्हणतात एक पावती निघायला मिनिट लागतंय. खोटं कुणीच बोलत नसतं. हा सर्व्हर म्हणजे मुळात एक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) आहे, एका खऱ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला सर्व्हर, आणि आपण उपाशी आहोत हे व्हीएमला आतून कळत नाही, एवढीच गोष्ट. (‘आभासी यंत्र’ हा शब्द परिपत्रकात बरा दिसतो. सर्व्हर रूममध्ये सगळे व्हीएमच म्हणतात.)

या तंत्राचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: सगळे एकदम मागणार नाहीत. पतसंस्था याच भरवशावर चालते, गावची नळयोजनाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं ते एकच महागडं मेनफ्रेम अनेकांना ‘आपलंच’ वाटावं म्हणून. साध्या इंटेल प्रोसेसरवर हेच करून दाखवायला व्हीएमवेअर या कंपनीला आज्ञा वाटेतच बदलण्याच्या कसरती कराव्या लागल्या. २००५ पासून इंटेलने आणि पाठोपाठ एएमडीने प्रोसेसरमध्येच त्याची सोय दिली, २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) व्हीएम चालवणारं केव्हीएम आलं, आणि मग प्रत्येक ऑफिसातले दिवसभर रिकामे फिरणारे आठ-दहा सर्व्हर दोन-तीन यंत्रांत मावले. मावले, कारण त्यांना एकाच क्षणी काम नव्हतं. अ‍ॅडमिनला भेटणारे बहुतेक बिघाड या गृहीतकाला गेलेले तडे असतात. तडा कुठे गेलाय हे ओळखायचं, आणि व्हीएमच्या आत बसून ते ओळखता येत नाही.

सुरुवात प्रोसेसरपासून करू. होस्टवर, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्रावर, कोअर, म्हणजे प्रोसेसरचे प्रत्यक्ष काम करणारे भाग, मोजके असतात आणि त्यांच्यासाठी व्हीएमची रांग लागते. रांगेत गेलेल्या वेळाला व्हीएमवेअरमध्ये ‘सीपीयू रेडी’ म्हणतात: चालायला तयार, पण पाय ठेवायला जागा नाही. व्हीसेंटर, म्हणजे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, त्याच्या रिअल-टाइम आलेखात तो मिलिसेकंदांत दिसतो आणि तिथे हमखास फसगत होते, कारण त्या आलेखातला एकेक ठिपका २० सेकंदांचा असतो. आकड्याला २०,००० ने भागायचं, १०० ने गुणायचं, मग व्हीएमच्या व्हीसीपीयूंच्या (तिला दिलेल्या आभासी प्रोसेसरच्या) संख्येने भागायचं. ४ व्हीसीपीयूच्या व्हीएमला ४,००० मिलिसेकंद रेडी दिसला तर तो प्रत्येकी ५ टक्के झाला. आलेखावर ‘गेला दिवस’ निवडलात तर ठिपका ५ मिनिटांचा होतो आणि भाजक ३,००,०००. तोच २०,००० ठेवून भागाकार केला तर १५ पट मोठा रोग दिसतो आणि नवीन सर्व्हरचं कोटेशन निघतं. ढोबळ अंदाज असा: व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांच्या खाली असेल तर दुखणं दुसरीकडे शोधा, ५ ते १० मध्ये लोक कुरकुरतात, १० च्या वर फोन येतात.

ताजी परिस्थिती बघायला एसएसएचने (दूरच्या यंत्रावर कमांड चालवायच्या सोयीने) होस्टवर जाऊन ईएसएक्सटॉप ही कमांड चालवावी. लहान सी दाबला की प्रोसेसरचा पडदा येतो. तिथे रेडीच्या शेजारी आणखी दोन रकाने बघण्यासारखे आहेत. एक ‘एमएलएमटीडी’. होस्ट रिकामा असून रेडी चढलेला असेल आणि हाही रकाना चढलेला असेल, तर त्या व्हीएमच्या रिसोर्स सेटिंगमध्ये कुणीतरी कधीतरी मेगाहर्ट्झची मर्यादा घालून ठेवली आहे. ती काढली की प्रश्न मिटला. जुन्या टेम्प्लेटमधून ही मर्यादा वारशाने नव्या व्हीएममध्ये उतरते, म्हणून टेम्प्लेटही तपासावं. दुसरा रकाना ‘को-स्टॉप’. तो ३ टक्क्यांच्या वर सरकला तर व्हीएमला व्हीसीपीयू जास्त झालेत.

जास्त झालेत, हे पचायला जड जातं. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याच्या कागदावर ‘किमान ८ कोअर’ लिहिलेलं असतं, आणि कागदाच्या विरुद्ध कोण जाणार? पण ८ व्हीसीपीयूच्या व्हीएमचे आठही भाग साधारण बरोबरीने पुढे सरकावे लागतात. एखादा मागे पडला की हायपरव्हायझर, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, पुढे गेलेल्यांना थांबवून धरतो; तोच को-स्टॉप. काम दोघांपुरतं असेल तर उरलेले सहा नुसतेच रांग वाढवतात, स्वतःची आणि शेजाऱ्यांचीही. अशी व्हीएम बंद करून ८ चे ३ किंवा ४ केले की ती वेगाने धावू लागते, आणि मागितल्यापेक्षा कमी देऊन काम कसं सुधारलं हे कुणालाच पटत नाही. शहाणपणाचा रस्ता म्हणजे २ ने सुरुवात करावी, आतला वापर सतत ८० टक्क्यांच्या वर राहिला तर वाढवावं. केव्हीएमवर, म्हणजे त्यावर उभ्या असलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या व्यवस्थेत, लिनक्स व्हीएमला निदान आतून थोडी चाहूल लागते: टॉप कमांडच्या सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ असतो, चोरीला गेलेला वेळ. तो शून्याजवळ असावा.

मेमरीची उधारी याहून गमतीची. होस्टवर २५६ जीबी, वाटलेली ३२० जीबी. हे महिनोन्‌महिने बिनबोभाट चालतं. तंगी आली की ईएसएक्सआय, म्हणजे व्हीएमवेअरचा हायपरव्हायझर, वसुलीला पायरीपायरीने निघतो. आधी फुगा. व्हीएमवेअर टूल्स हा व्हीएमच्या आत बसवायचा संच; त्यातला एक ड्रायव्हर तिथे बसून मेमरी मागत सुटतो; आतली ऑपरेटिंग सिस्टीम बिचारी आपल्या हिशेबाने कमी गरजेची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) मोकळी करते आणि होस्ट ती उचलून दुसऱ्याला देतो. ही सभ्य वसुली, कारण काय सोडायचं ते घरच्याने ठरवलं. टूल्स बसवलेलेच नसतील तर होस्टला आत डोकावता येत नाही. तो आंधळेपणाने पानं आवळतो, मग डिस्कवर फेकतो, आणि नेमकं डेटाबेसचं गरम पान फेकलं गेलं की एका साध्या क्वेरीला चहा येतो. ‘टूल्स नंतर टाकू’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

फुगा ओळखायचा कसा? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर ९५ टक्के मेमरी वापरात दाखवतो, पण सगळ्या प्रोसेसची बेरीज केली तर ती निम्मीही भरत नाही. उरलेली ड्रायव्हरने अडवलेली असते. होस्टवर ईएसएक्सटॉपमध्ये लहान एम दाबून ‘एमसीटीएलएसझेड’ हा रकाना बघावा, म्हणजे फुग्याचा आकार एमबीमध्ये मिळतो. ‘एसडब्ल्यूसीयूआर’मध्ये आकडा दिसला तर लगेच घाबरायचं कारण नाही, डिस्कवर गेलेलं पान कुणी मागेपर्यंत तिथेच पडून राहतं, त्यामुळे तो आकडा गेल्या आठवड्यातल्या तंगीचाही असू शकतो. आत्ताची तंगी ‘एसडब्ल्यूआर’ म्हणजे दर सेकंदाच्या वाचनात दिसते. डेटाबेसच्या व्हीएमला मेमरीचं रिझर्व्हेशन (राखून ठेवलेला हक्काचा वाटा) द्यावं, बाकीच्यांत उधारी चालू द्यावी. रिझर्व्हेशनचा एक फायदा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: व्हीएम चालू होताना तिच्या नावाने डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइलींच्या साठ्यात) फेकलेली पानं ठेवायला स्वॅप फाइल तयार होते, आकार म्हणजे दिलेली मेमरी वजा रिझर्व्हेशन. रिझर्व्हेशन नसेल तर ६४ जीबीची व्हीएम चालू करायला डिस्कवर ६४ जीबी मोकळी लागते ती अशी. मेमरी वाढवली आणि व्हीएम चालूच होईना, कारण डिस्क भरलेली. असं कोडं पडतं तेव्हा उत्तर इथे असतं.

आता डिस्क. थिन प्रोव्हिजनिंग म्हणजे सातबाऱ्यावर पाच एकर आणि जमिनीवर दोन. ६ टीबीच्या डेटास्टोअरवर १० टीबीच्या डिस्क वाटता येतात, कारण प्रत्येकाने आपली डिस्क तळापर्यंत भरलेली नसते. ज्या दिवशी डेटास्टोअर खरोखर भरतं त्या दिवशीचा देखावा चमत्कारिक असतो: निम्म्या व्हीएम गोठतात, निम्म्या बिनघोर चालतात. ज्यांना नवीन ब्लॉक हवा असतो त्या थांबतात आणि व्हीसेंटरमध्ये प्रश्न विचारून बसतात, पुन्हा प्रयत्न करू की रद्द? ज्या आपल्या आधीच मिळालेल्या जागेतच लिहीत असतात त्यांना काही कळतही नाही. इथे रद्द म्हणायचं नाही. घाईने स्नॅपशॉटही (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली अवस्था, पुढे येतंच आहे) डिलीट करायला जायचं नाही, कारण स्नॅपशॉटमधला डेटा मूळ थिन डिस्कमध्ये मिसळताना त्या डिस्कला आणखी जागा लागू शकते आणि तीच नाही. आधी आयएसओ फाइली (इन्स्टॉलेशन डीव्हीडींच्या प्रती) उडवा. मग कमी महत्त्वाची एखादी भरपूर मेमरीवाली व्हीएम नीट शटडाउन करा. तिची स्वॅप फाइल त्याच क्षणी नाहीशी होते आणि ३२ किंवा ६४ जीबी हातात येतात. तेवढ्यात गोठलेल्यांना ‘पुन्हा प्रयत्न’ म्हणून हलवा आणि एकीची डिस्क दुसऱ्या डेटास्टोअरवर न्यायला घ्या.

स्टोरेजवरही (खालच्या डिस्कांच्या पेटीवरही) थिन आणि डेटास्टोअरवरही थिन असेल तर उधारीवर उधारी झाली. डेटास्टोअर ७० टक्के दाखवतं, खाली स्टोरेजचा पूल १०० टक्क्यांना टेकतो, आणि मग सगळ्याच व्हीएम एकदम पडतात. सूचना फक्त स्टोरेजच्या पॅनेलवर येते, जो बसवल्यापासून कुणी उघडलेला नसतो. प्रॉक्समॉक्सवर एलव्हीएम-थिन (लिनक्सचं थिन स्टोरेज) वापरत असाल तर एलव्हीएस कमांडमधले ‘डेटा’ आणि ‘मेटा’ हे दोन्ही टक्के रोज बघावेत. डेटा भरला तर पूल मिनिटभर वाट बघून लिहिणाऱ्यांना त्रुटी देऊ लागतो. मेटाडेटा (कुठला ब्लॉक कुठे आहे याची नोंद) भरला तर पूल दुरुस्त करणं हे वेगळं आणि लांबलचक दुखणं आहे. व्हीएमच्या आत फाइली डिलीट केल्या म्हणून खाली जागा सुटत नाही. डिस्कवर ‘डिस्कार्ड’ची खूण हवी आणि आत लिनक्समध्ये, सुटलेली जागा खाली कळवणारी एफएसट्रिम कमांड नेमाने चालायला हवी.

आणि स्नॅपशॉट. इतकी उपयोगी आणि इतकी गैरसमजात गुरफटलेली दुसरी सोय या धंद्यात नाही. ‘काल स्नॅपशॉट घेतलाय, बॅकअप आहे आपल्याकडे’ हे वाक्य ऐकलं की जुन्या अ‍ॅडमिनच्या पोटात गोळा येतो. स्नॅपशॉट घेतल्या क्षणी मूळ डिस्क गोठते आणि पुढचं सगळं लिखाण शेजारच्या नव्या फाइलमध्ये जातं, जिच्या नावात शून्य-शून्य-शून्य-शून्य-शून्य-एक असतं. मूळ गेली तर ही फाइल म्हणजे पहिलं पानच नसलेल्या वहीतल्या खाडाखोडी. ती मूळ डिस्कच्या आकाराएवढी फुगू शकते, आणि प्रत्येक वाचनाला साखळीतून वाट काढावी लागते. व्हीएमवेअर ३२ पर्यंत साखळी चालवून देतं, पण सल्ला दोन-तीनचाच आहे, आणि एकही स्नॅपशॉट ७२ तासांहून जास्त ठेवू नये असा. पॅच मारायच्या आधी घ्या, चाचणी झाली की त्याच दिवशी काढा.

लपलेले स्नॅपशॉट जास्त घातक. बॅकअप सॉफ्टवेअर रात्री स्नॅपशॉट घेतं, ती गोठलेली डिस्क स्वतःच्या प्रॉक्सी (मदतनीस) व्हीएमला जोडून वाचतं आणि मग सगळं आवरून जातं. मध्येच जॉब पडला तर डिस्क प्रॉक्सीला लटकलेली राहते आणि स्नॅपशॉट निघत नाही. स्नॅपशॉट मॅनेजर उघडला तर यादी रिकामी. व्हीएमच्या सेटिंगमध्ये डिस्कच्या फाइलचं नाव बघितलं तर शेवटी सहा आकडी शेपूट. दुसऱ्या रात्री आणखी एक. असे बारा-पंधरा साठले की सकाळी ‘सिस्टीम स्लो आहे’. उपाय क्रमानेच करावा. बॅकअपचा जॉब थांबवा. प्रॉक्सीच्या सेटिंगमधून परकी डिस्क काढा, पण ‘डिस्कवरून डिलीट’वर चुकूनही टिचकी मारू नका, ती दुसऱ्याची मूळ डिस्क आहे. डेटास्टोअरवर पुरेशी जागा आहे ना बघा. मग कन्सॉलिडेट, म्हणजे साठलेल्या फाइली मूळ डिस्कमध्ये मिसळा. मोठा स्नॅपशॉट मिसळायला कित्येक तास लागतात, टक्केवारी ९९ वर येऊन बसते आणि बसूनच राहते. त्या वेळी होस्ट रीस्टार्ट करायची जी प्रबळ इच्छा होते ती दाबणं हाच अर्धा उपाय. फाइलींच्या तारखा-वेळा बदलताहेत तोवर काम चालू आहे.

याच भागातली एक चूक भरून निघणं फार अवघड. साखळी तुटलीय असं समजून कुणीतरी शेपटाची डिस्क काढतं, मूळ डिस्क थेट जोडतं आणि व्हीएम चालू करतं. व्हीएम छान चालू होते, फक्त दोन महिन्यांपूर्वीच्या अवस्थेत. आणि मूळ डिस्कवर एक अक्षर जरी नव्याने लिहिलं गेलं तरी वरच्या सगळ्या खाडाखोडींचा पाया सरकला. प्रत्येक डिस्कची एक छोटी मजकुरी वर्णन-फाइल असते, तिच्यात स्वतःची ‘सीआयडी’ (ओळख-क्रमांक) आणि वडिलांची ‘पॅरेंट सीआयडी’ लिहिलेली असते. वडील बदलले की जुळत नाही म्हणून हायपरव्हायझर नकार देतो. आकडा हाताने जुळवता येतो, पण त्याने आतला डेटा जुळत नाही.

ही छोटी फाइल आणि तिच्याशेजारची खरी मोठी ‘फ्लॅट’ फाइल यांतला फरक फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभराला कळला. ईएसएक्सआयआर्ग्ज नावाच्या खंडणीखोर हल्ल्याने इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो होस्ट गाठले. ज्या भोकातून ते आत शिरल्याचं सांगितलं गेलं, पोर्ट ४२७ वरची ओपनएसएलपी सेवा, त्याचा पॅच दोन वर्षं आधी, फेब्रुवारी २०२१ मध्येच आलेला होता. पण पहिल्या लाटेत हल्लेखोरांनी वर्णन-फाइली कुलूपबंद केल्या आणि कित्येक ठिकाणी मोठ्या फ्लॅट फाइली जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. तेव्हा जुनाच उपाय कामी आला: फ्लॅट फाइलचा बाइटमधला अचूक आकार घ्यायचा, व्हीएमकेएफएसटूल्स या कमांडने त्याच आकाराची रिकामी डिस्क बनवायची, तिची फ्लॅट फेकून द्यायची आणि तिच्या वर्णन-फाइलमध्ये आपल्या जुन्या फ्लॅटचं नाव लिहायचं. अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने यासाठी स्क्रिप्टच काढली. नंतरच्या लाटेत मोठ्या फाइलींचाही बराच भाग कुलूपबंद होऊ लागला आणि ही पळवाट बुजली. होस्टचं मॅनेजमेंट नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) असावं, ऑफिसातल्या प्रत्येक लॅपटॉपला ते दिसू नये, आणि बॅकअपची एक प्रत तरी डोमेनच्या (ऑफिसच्या सामायिक लॉगिन-व्यवस्थेच्या) पासवर्डने उघडणारी नसावी.

गृहीतकाला आपणच सुरुंग लावतो तो वेळापत्रकाने. अँटिव्हायरसचा स्कॅन रात्री १२, डेटाबेसचा डम्प १२, बॅकअप १२, विंडोज अपडेट त्याच सुमाराला. कारण १२ हा आकडा भरायला सोपा. मग रोज रात्री डिस्कवर जत्रा. ईएसएक्सटॉपमध्ये लहान यू दाबून बघावं: ‘डीएव्हीजी’ म्हणजे स्टोरेजने घेतलेला वेळ, ‘केएव्हीजी’ म्हणजे होस्टच्याच कर्नलमध्ये रांगेत गेलेला. पहिला सतत २०-२५ मिलिसेकंदांच्या वर असेल तर स्टोरेज किंवा मधली वाट दमली आहे. दुसरा २ च्या वर गेला तर होस्टच्या बाजूची रांग छोटी पडते आहे. १२:१०, १:२५, २:४० असे वेडेवाकडे आकडे भरले तरी अर्धं दुखणं जातं.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर गेली आणि पिंग बंद पडला, परत आणली की सुरू, तर नव्या होस्टच्या एखाद्या स्विच-पोर्टवर त्या व्हीएमचा व्हीलॅन ट्रंकमध्ये (तिथून जाऊ द्यायच्या व्हीलॅनच्या यादीत) घातलेला नाही. दोन अपलिंकपैकी (होस्टहून स्विचला जाणाऱ्या तारांपैकी) एकावरच विसरला असेल तर दहातल्या पाचच व्हीएम रडतात. आयस्कझीसाठी (नेटवर्कवरून जोडलेल्या स्टोरेजसाठी) ९००० चा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, ठेवला असेल तर साध्या पिंगवर विश्वास ठेवू नये. होस्टवरची व्हीएमकेपिंग कमांड वापरून तुकडे न करण्याची सूचना देत ८९७२ बाइट पाठवावेत. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की तो आकडा येतो. हे जात नसेल तर वाटेत कुठेतरी एक पोर्ट १५०० वर आहे. छोटी कामं चालतात, मोठी फाइल लटकते.

ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतलं, कायमचे परवाने बंद झाले, प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअरचे पैसे लागतात. त्यामुळे लहान-मध्यम संस्था प्रॉक्समॉक्स किंवा मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीकडे वळताहेत. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ आवृत्तीपासून ईएसएक्सआयवरून व्हीएम थेट ओढून घेता येते. ओढणं सोपं, उठवणं अवघड. विंडोजकडे व्हर्टआयओचे (केव्हीएमच्या आभासी डिस्क आणि नेटवर्क कार्डांचे) ड्रायव्हर नसतात, म्हणून डिस्क व्हर्टआयओवर टाकून चालू केली की निळा पडदा. तेव्हा पहिल्यांदा मुख्य डिस्क साटाला (विंडोजच्या ओळखीच्या जोडणीला) जोडून उठवावी, शेजारी १ जीबीची एक फालतू डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडावी, ड्रायव्हरची आयएसओ लावून बसवावा, विंडोजला ती फालतू डिस्क दिसली की बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्यावी. लिनक्स सहसा उठतं, पण नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१९२ चं ईएनएस१८ होतं आणि जुन्या नावावर लिहिलेला आयपी हवेत राहतो. विंडोजमध्ये जुनं कार्ड भुतासारखं लपून आयपी अडवून बसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते काढावं. आणि व्हीएमवेअर टूल्स इकडे येण्याआधीच काढलेले बरे, नंतर ते निघता निघत नाहीत.

होस्ट पडला तरी बाकीचे सांभाळून घेतील, ही एचएची (हाय अव्हेलेबिलिटीची) हमी तपासायचा हिशेब शाळेतला आहे. तीन होस्ट असतील तर तिघांचा मिळून वापर दोघांत मावला पाहिजे, म्हणजे प्रत्येकी मेमरी ६६ टक्क्यांच्या आत. अ‍ॅडमिशन कंट्रोल हेच सांगत असतो. ही मर्यादा ओलांडली जाणार असेल तर तो नवी व्हीएम चालू करू देत नाही, म्हणून लोक तोच बंद करून टाकतात.

आणि मग लाइट जाते. जून लागताना पहिल्या वादळात तालुक्याच्या गावी ती चार-सहा तास गेली तर नवल नाही. यूपीएसवर सर्व्हर चालत राहतात पण एसी बहुधा यूपीएसवर नसतो, त्यामुळे बॅटरी संपण्याआधी खोली तापते. जनरेटर लागेलच याची खात्री नसेल तर बॅटरी निम्म्यावर आली की व्हीएम क्रमाने शटडाउन व्हायला हव्यात. सगळ्या व्हीएम नीट बंद व्हायला १० मिनिटं लागत असतील आणि बॅटरीत ८ उरली असतील तर पुढचं सांगायला नको.

वीज परत आली की सगळेच एकदम मागतात. गृहीतक पूर्ण उलटं होतं, आणि त्यात आधी बी की आधी झाड असा घोळ. होस्टला स्टोरेजच्या नावाचा पत्ता डीएनएसकडून (नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेकडून) हवा; डीएनएस एका व्हीएममध्ये; ती व्हीएम त्याच स्टोरेजवर. म्हणून होस्ट आणि स्टोरेज आयपीनेच जोडावेत आणि होस्टांच्या हॉस्ट्स फाइलीत एकमेकांची नावं लिहून ठेवावीत. आधी स्विच. मग स्टोरेज, दोन्ही कंट्रोलर उठून सगळे दिवे हिरवे होईपर्यंत १०-१५ मिनिटं हात बांधून उभं राहायचं. मग होस्ट. होस्ट आधी उठले तर डेटास्टोअर दिसत नाही आणि व्हीएम करड्या रंगात ‘इनअ‍ॅक्सेसिबल’ दिसतात. तेव्हा स्टोरेज रीस्कॅन करावं, व्हीएम यादीतून काढू नयेत. डेटास्टोअर तरीही दिसलं नाही तर ‘नवीन डेटास्टोअर’चा विझार्ड उघडण्याचा मोह होतो. तो त्या जुन्या लनवर (स्टोरेजने दिलेल्या डिस्कवर) तीन पर्याय देतो: आहे ती सही (ओळख) ठेवा, नवी सही द्या, किंवा डिस्क फॉरमॅट करा. तिसऱ्या पर्यायाने लोकांच्या नोकऱ्या गेल्या आहेत.

होस्टचं घड्याळ बघावं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असेल तर होस्ट कितीतरी वर्षं मागे उठतो, प्रमाणपत्रं अवैध ठरतात, आणि डोमेन कंट्रोलरने (सगळ्यांचं लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरने) तेच घड्याळ उचललं तर ५ मिनिटांच्या फरकालाच केर्बेरॉस ही लॉगिनची पद्धत सगळ्यांना दारातून परत पाठवते. वेळ दुरुस्त, मग पहिला डोमेन कंट्रोलर, तो कुठे आहे ते माहीत असेल तर. कारण कोणती व्हीएम कोणत्या होस्टवर आहे हे सांगणारा व्हीसेंटर स्वतःच बंद पडलेला असतो. डोमेन कंट्रोलर आणि व्हीसेंटर नियम लावून होस्ट क्रमांक १ वरच ठेवावेत, आणि होस्टच्या रूट पासवर्डने थेट त्याच्या वेब पानावर जाऊन ते चालू करावेत. डिस्ट्रिब्यूटेड स्विच (सगळ्या होस्टांवर पसरलेला, व्हीसेंटरने सांभाळलेला आभासी स्विच) वापरत असाल तर व्हीसेंटरशिवाय पोर्ट देणारा एक ‘इफेमरल’ पोर्ट ग्रुप आधीच बनवून ठेवावा, कारण साध्या पोर्ट ग्रुपमध्ये नवं पोर्ट वाटायला व्हीसेंटर लागतो आणि आपण नेमका व्हीसेंटरच जोडायला निघालेलो असतो. व्हीसेंटरच्या स्वतःच्या रूटचा पासवर्ड ९० दिवसांनी संपतो, मूळ सेटिंग तसंच असेल तर. ते कळायची वेळ हीच.

प्रॉक्समॉक्सवर अडचण वेगळी. तीनपैकी एकच नोड (होस्ट) उठला तर कोरम (बहुमत) नाही, कॉन्फिगरेशनची फोल्डर फक्त वाचता येते, व्हीएम चालू होत नाहीत. पीव्हीईसीएम कमांडला ‘एक्स्पेक्टेड १’ सांगून वाट काढता येते, पण बाकीचे दोन नोड खरोखर बंद आहेत हे डोळ्यांनी, रॅकपाशी जाऊन बघितल्यावरच. ते चालू असून फक्त नेटवर्क तुटलं असेल तर सामायिक स्टोरेजवरची एकच व्हीएम दोन ठिकाणी चालू होते आणि दोघी मिळून एका डिस्कवर लिहू लागतात.

हे सगळं एका कागदावर लिहून, तारीख घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवलेलं असावं. ज्या वेळी तो लागतो त्या वेळी शेअर्ड फोल्डर, पासवर्डची तिजोरी आणि विकी, तिन्ही बंद असतात.

मग डेटाबेस, त्याच्या सेवा खरंच चालू झाल्या का ते बघून अ‍ॅप्लिकेशन, दोन-दोन व्हीएम, मध्ये तीन-चार मिनिटं सोडून. पहिला अर्धा तास डेटाबेसचा कॅश (मेमरीत हाताशी ठेवलेला डेटा) रिकामा असतो, प्रत्येक क्वेरी थेट डिस्कपर्यंत जाते. काउंटरवर तसं आधीच कळवलेलं बरं. बॅकअप सर्व्हर सगळ्यांच्या शेवटी चालू करावा, आणि चालू केल्या केल्या त्याचे जॉब थांबवावेत. ‘वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव’ ही खूण बहुतेक जॉबांवर असते, आणि सहा तासांचे चुकलेले सगळे जॉब तो त्याच मिनिटाला एकदम सुरू करतो.